पार्टीतलेच दोघं एकमेकांवर उठले तर जीएमने काय करायचं

टेबलभोवती बसून आपापलं कॅरॅक्टर खेळायचा आरपीजी (रोलप्लेइंग गेम) चालू आहे, आणि गोष्टीत पकडलेला एक दरोडेखोर झाडाला बांधून ठेवलाय. पार्टीतल्या (एकत्र फिरणाऱ्या कॅरॅक्टर्सच्या गटातल्या) पॅलडिनने, म्हणजे शपथेला बांधलेल्या योद्धीने, त्याला शब्द दिलाय की टोळीचा तळ कुठे आहे ते सांग, तुला जिवंत सोडू. त्याने सांगितलं. आणि तेवढ्यात थीफ खेळणारा म्हणतो, "मी त्याचा गळा चिरतो." पॅलडिन खेळणारी म्हणते, "अजिबात नाही, मी याचा हात धरते", तो म्हणतो "पण मी आधी बोललोय", आणि सगळं टेबल तुमच्याकडे बघायला लागतं, कारण जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा) तुम्ही आहात.

टेबलटॉप आरपीजी थोडे दिवस जरी चालवले असतील तरी असा प्रसंग आलाच असणार. आणि यावर सगळीकडे जे दोन सल्ले मिळतात ते मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे "आमच्या टेबलवर पीव्हीपी (प्लेअर विरुद्ध प्लेअर) बंद, विषय संपला", आणि दुसरा "कॅरॅक्टर्सना भांडू दे, डाइस काय ते ठरवतील". पहिल्याने गेम बेचव होतो, कारण चार-पाच वेगळ्या स्वभावाची माणसं जीव धोक्यात घालून एकत्र फिरतायत आणि त्यांच्यात कधी खटकतच नाही हे कुणाला खरं वाटणार. दुसऱ्याने ग्रुप फुटतो, आणि फुटलेला ग्रुप परत जमवणं किती अवघड असतं ते ज्याने एकदा पाहिलंय त्यालाच माहीत. मी एकच नियम धरून चालते, बाकी सगळं त्यातून निघतं: ज्याला झळ लागणार आहे, शेवटचा शब्द त्याचा. म्हणजे माझ्या कॅरॅक्टरने तुझ्या कॅरॅक्टरवर हात उचलला, त्याचं काही चोरलं, त्याचा शब्द मोडायला निघालं, तर ते कितपत यशस्वी होणार हे तू सांगायचं, मी नाही आणि जीएमनेही नाही. आता हे प्रत्यक्ष टेबलवर कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

आधी खेळ थांबवा

पहिलं काम म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, "थांबा, अजून काहीच झालेलं नाहीये." प्लेअर "मी असं करतो" म्हणाला की ते झालं असं नसतं, तो फक्त काय करायला निघालाय ते त्याने सांगितलंय. मॉन्स्टरशी लढताना हे सगळ्यांना मान्य असतं, तिथे डाइस टाकून रोल होईपर्यंत कुणी तलवार लागली असं धरत नाही, पण पार्टीतल्या पार्टीत वाजलं की का कोण जाणे जो आधी बोलला त्याचं झालं असं सगळे गृहीत धरतात. याचा फटका नेहमी त्याच लोकांना बसतो, जे दुसऱ्याचं बोलणं तोडत नाहीत, दोन सेकंद विचार करून बोलतात, नवीन आहेत. त्यामुळे तोंडाने फास्ट असणं हा काही स्टॅट (शीटवर आकड्यात लिहिलेला गुण) नाही हे जीएमने स्वतः दाखवून द्यावं लागतं.

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळत असाल तर इथे "इनिशिएटिव्ह टाका", म्हणजे लढाईत आधी कुणाची पाळी ते डाइसने ठरवा, असं तोंडात येईल. आवरा. इनिशिएटिव्ह टाकला की वादाची लढाई होते, आणि लढाई झाली की कॅरॅक्टर शीटवर जे लिहिलंय त्यापलीकडचं कुणाला काही सुचत नाही. "मी त्याच्या आणि दरोडेखोराच्या मध्ये उभी राहते आणि काहीच करत नाही, फक्त बघते त्याच्याकडे" हे पॅलडिनला सुचलं असतं, पण इनिशिएटिव्ह लागल्यावर ती अटॅकच करणार.

भांडतंय कोण, कॅरॅक्टर की माणूस

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच घाईत सुटते. दोन कॅरॅक्टर्स भांडत असतील तर तो गेमचा भाग आहे, कदाचित त्या सेशनचा सगळ्यात भारी भागही असेल. दोन माणसं भांडत असतील तर गेमच्या नियमांत त्याचं उत्तर शोधून सापडणार नाही.

ओळखायचं कसं? आवाज चढलाय का यावरून नाही, कारण मस्त रोलप्ले करणारे लोक आवाज चढवतातच. मी तीन गोष्टी बघते. दोघं एकमेकांकडे बघून बोलतायत की दोघंही जीएमला सांगतायत, कारण ज्यांना सीनची मजा येतेय ते एकमेकांना संवाद देतात आणि जे वैतागलेत ते जीएमकडे तक्रार नेतात. दुसरं, बोलणं कॅरॅक्टरच्या नावाने चाललंय की "तू नेहमी असंच करतोस" वर आलंय. हा "नेहमी" शब्द आला की समजायचं मागच्या कुठल्यातरी सेशनचं काहीतरी शिल्लक आहे. आणि तिसरं म्हणजे गप्प कोण झालंय. भांडणाऱ्यांपैकी एक जण बोलायचा थांबून शीटवर पेन्सिलने काहीतरी खरडत बसला, मोबाइल हातात घेतला, "ठीक आहे, करा काय करायचं ते" म्हणाला, तर ती संमती नाही. कितीतरी जीएम ही संमती समजून पुढे जातात आणि दोन आठवड्यांनी तो प्लेअर यायचा बंद झाला की आश्चर्य करतात.

खात्री नसेल तर सरळ विचारा. "मजा येतेय ना दोघांना? की थांबू या?" पाच सेकंद लागतात, सीनचा मूड जाईल वगैरे भीती फुकटची आहे, उलट दोघंही "हो हो, चालू दे" म्हणाले तर त्यानंतर ते जास्त मोकळेपणाने भांडतात, कारण समोरच्याला राग आलेला नाही हे आता पक्कं माहीत असतं.

दोन प्रश्न

मग दोघांनाही दोन दोन प्रश्न. तुझ्या कॅरॅक्टरला काय हवंय? आणि तुला स्वतःला, प्लेअर म्हणून, या सीनमधून काय हवंय? दुसरा प्रश्न विचारायची सवय बहुतेक ग्रुप्सना नसते म्हणून सुरुवातीला लोक गडबडतात, पण उत्तरं ऐकण्यासारखी असतात. वरच्याच प्रसंगात ते साधारण असं होतं:

"तुझ्या थीफला काय हवंय?"
"तो मरायला हवाय. सुटला की टोळीला जाऊन सांगणार, आपण सगळे मरू."
"आणि तुला?"
"मला... म्हणजे त्याला मारायचंच असं नाही. पण प्रत्येक वेळी पॅलडिन ठरवते आणि आपण मान डोलावतो, माझ्या कॅरॅक्टरला हे खुपतंय हे कुठेतरी दिसायला हवं."
"ओके. तुझ्या पॅलडिनचं काय?"
"शब्द दिलाय. तो मोडला तर तिची शपथ जाते."
"आणि तुला काय हवंय?"
"भांडण झालेलं आवडेल मला. फक्त माझ्या डोळ्यांदेखत माझा शब्द खोटा ठरला आणि मी काहीच करू शकले नाही असं नको."

बघा, दोघांना प्लेअर म्हणून जे हवंय त्यात टक्करच नाहीये. त्याला खुपणं दिसायला हवंय, तिला भांडण चालणार आहे. सुरा गळ्यावर टेकलाय, पॅलडिन म्हणते "त्याच्या आधी माझ्यावर चालव", थीफ सुरा जमिनीत खुपसतो आणि म्हणतो "पुढच्या वेळी शब्द देण्याआधी आम्हाला विचारायचं", आणि निघून जातो. दरोडेखोर जिवंत, शपथ शाबूत, आणि थीफने पार्टीत पहिल्यांदा काहीतरी कमावलं. एकही डाइस पडला नाही. दरवेळी इतकं छान जुळेल असं नाही, पण जेवढ्या वेळा जुळतं ते बघून मला वाटतं की बहुतेक पीव्हीपी हा "माझ्या कॅरॅक्टरकडे लक्ष द्या" चाच प्रकार असतो.

आता जुळलं नाही तर. तर झळ कुणाला लागणार ते बघायचं. इथे मरणारा एनपीसी (जीएम चालवतो ते पात्र) आहे पण मोडणारा शब्द पॅलडिनचा, म्हणून निर्णय तिचा. तिच्यापुढे तीन रस्ते ठेवायचे: होऊ दे म्हण, नाही म्हण, किंवा रोल करू या म्हण. तीनही खरे पर्याय असले पाहिजेत. "नाही" म्हटल्यावर टेबलवर उसासे पडत असतील तर तो पर्याय नाहीच. आणि ती नाही म्हणाली तर थीफला तोंडघशी पाडायचं नाही, कारण त्याच्याच तोंडून सांगवता येतं की तो का थांबला. हात कापला का? कुणीतरी येताना दिसलं का? पॅलडिनच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं का की त्याला पुढे जाववलं नाही? प्रयत्न फसला तरी कॅरॅक्टरची इज्जत जाता कामा नये, नाहीतर तो प्लेअर पुढच्या सेशनला त्याची भरपाई करायला बसेल.

लोक विचारतात की मग सगळे कायम नाहीच म्हणतील. अनुभव उलटा आहे. ज्याच्या हातात ब्रेक असतो तो बिनधास्त गाडी चालवतो. नाही म्हणता येतंय हे कळलं की लोक "हो, मार मला, पण मी पडताना तुझा मुखवटा ओढून काढते" असलं काहीतरी सुचवायला लागतात जे जीएमच्या डोक्यातही आलं नसतं.

रोल करायचाच ठरला तर

रोलच्या आधी बोली लावा. जिंकलास तर नेमकं काय होणार, हरलास तर नेमकं काय होणार, दोन्ही मोठ्याने बोलून दोघांनी हो म्हणायचं आणि मगच डाइस उचलायचा. "मी अटॅक करतो, बघू काय होतंय" ही बोली नाही. "मी जिंकलो तर सुरा माझ्या हातात राहतो आणि तू बाजूला ढकलली जातेस, हरलो तर सुरा तुझ्याकडे आणि आज रात्री मी हा विषय काढणार नाही" ही बोली. एकदा लागलेला निकाल त्या सेशनपुरता तरी पक्का, "मग मी आता परत ट्राय करतो" नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आणि शक्यतो फुल कॉम्बॅट नको, याचं कारण नुसतं भावनिक नाहीये, गणित आहे. डी अँड डीचं कॉम्बॅट पार्टी विरुद्ध मॉन्स्टर यासाठी बांधलेलं आहे, पीसी (प्लेअरचं कॅरॅक्टर) विरुद्ध पीसी तोलून बघितलेलंच नाही. पाचव्या एडिशनमध्ये पाचव्या लेव्हलचा विझार्ड घ्या, कॉन्स्टिट्यूशन +2 असेल आणि सरासरी धरली तर त्याचे हिट पॉइंट्स (किती मार सोसेल तो आकडा) 32 होतात, आणि त्याच लेव्हलला मिळणारा फायरबॉल हा मंत्र 8डी6 (सहा बाजूंचे आठ डाइस) म्हणजे सरासरी 28 डॅमेज करतो. सेव्ह (वाचण्यासाठीचा रोल) फेल गेला की एका टर्नमध्ये खेळ जवळपास आटोपला. होल्ड पर्सन हा मंत्र लागला तर समोरचा पॅरलाइज, आणि पाच फुटांच्या आत जो अटॅक लागेल तो थेट क्रिटिकल, म्हणजे दुप्पट डाइसचा. म्हणजे दोन पीसी लढले तर बहुतेक वेळा ज्याचा इनिशिएटिव्ह आधी आला तो जिंकतो, आणि दुसऱ्याने महिनोन्‌महिने वाढवलेलं कॅरॅक्टर त्याने स्वतः एकही निर्णय न घेता मरतं. असा निकाल कुणालाच गोड लागत नाही, जिंकणाऱ्यालाही नाही.

पर्स्वेजन, इंटिमिडेशन, डिसेप्शन (पटवणं, धमकावणं, फसवणं) या स्किल्सचं तसंच. दुसऱ्या प्लेअरच्या कॅरॅक्टरवर "मी 23 मारलेत, आता तुला पटलं" हे मी चालू देत नाही. ते स्किल्स एनपीसींसाठी ठीक आहेत, एनपीसीचं मन जीएम चालवतो. पीसीचं मन त्याचा प्लेअर चालवतो. रोलवरून एवढं सांगता येतं की तुझ्यासमोरचा माणूस खूप तळमळीने बोलतोय, किंवा तो खोटं बोलत असेल तर तुला त्याच्यात काही संशयास्पद दिसत नाही. पटवून घ्यायचं की नाही ते प्लेअरचं प्लेअर बघेल.

बाकी गेम्सनी यावर फार चांगला विचार केलाय आणि तुमचा गेम कुठलाही असो, हे उचलून वापरता येतं. 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये एका पीसीने दुसऱ्या पीसीला पटवायचा रोल केला तर त्याचं मन बदलत नाही, त्याला आमिष आणि धाक मिळतो: ऐकलंस तर एक्सपीरियन्स (कॅरॅक्टर वाढवायचे गुण) मिळेल, नाही ऐकलंस तर तुला धोका पत्करून वागावं लागेल. रोल 10 किंवा वर गेला तर दोन्ही, 7 ते 9 आला तर दोन्हींपैकी एक. करायचं काय ते शेवटी समोरचाच ठरवतो. मला हे इतकं आवडतं की डी अँड डी चालवतानाही मी "ऐकलंस तर तुला इन्स्पिरेशन (रोलला मिळणारी मदत) देते" असं करते, आणि ते बेमालूम चालतं.

बर्निंग व्हील मध्ये, तो 2002 चा गेम, वादासाठी वेगळीच यंत्रणा आहे, ड्युएल ऑफ विट्स म्हणतात. वाद सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजू काय मागतायत ते जाहीर करायचं, आणि जिंकणाऱ्याला वादात जितका मार बसलाय तितकं मोठं काहीतरी त्याला हरणाऱ्यासाठी सोडावं लागतं. म्हणजे निखळ विजय क्वचितच मिळतो, काहीतरी तडजोड पदरात पडतेच. आणि हरलेल्या कॅरॅक्टरने ठरलं तसं वागायचं, पण त्याला ते मनापासून पटलंच पाहिजे अशी सक्ती नाही. हा बारकावा सोन्यासारखा आहे. "मी करीन, पण मला पटलेलं नाही" असं म्हणणारं कॅरॅक्टर पुढचे चार सेशन्स काय धमाल खेळता येतं!

आणि हिलफोक, 2013 चा. तिथे दोन कॅरॅक्टर्सच्या सीनमध्ये एक जण भावनिक काहीतरी मागतो, माफी, कौतुक, विश्वास, असं काही, आणि दुसरा देतो किंवा नाकारतो. दिलं तर देणाऱ्याला टोकन, नाकारलं तर मागणाऱ्याला टोकन. ज्याने माघार घेतली त्याच्या हातात काहीतरी पडतं. घरच्या गेममध्ये एवढाच बदल केला, की पार्टीतल्या भांडणात जो नमतं घेईल त्याला काहीतरी द्यायचं, री-रोल म्हणा, इन्स्पिरेशन म्हणा, तरी लोकांचं अडून बसणं कमी होतं.

चोरी आणि गुपितं

मारामारीपेक्षा जास्त ग्रुप्स चोरीने खराब होतात असं माझं मत आहे. मारामारी सगळ्यांसमोर होते, चोरी चिठ्ठीवर होते. थीफने जीएमला चिठ्ठी दिली, जीएमने मान डोलावली, क्लेरिकच्या (पुजारी कॅरॅक्टरच्या) पिशवीतली अंगठी गेली, आणि क्लेरिकवाल्याला कळेपर्यंत बाकी तिघांना माहीत होतं. त्याला अंगठीचं काही वाटत नाही, सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं याचं वाटतं. त्यातून पुढे प्रत्येक सीनमध्ये तो "मी माझी पिशवी चेक करतो" म्हणत बसतो आणि सगळा गेम कुलुपं आणि सापळ्यांचा होतो.

माझा उपाय सोपा आहे, गुपित कॅरॅक्टर्समध्ये ठेवा, प्लेअर्समध्ये नको. सगळ्यांसमोर विचारा, "माझी थीफ तुझी अंगठी ढापायला बघतेय, चालेल का? तुझ्या क्लेरिकला कळायला हवंय का?" लोक म्हणतात मजा जाते. मजा बदलते. क्लेरिकवाला आता प्रेक्षकही आहे आणि भागीदारही, तो मुद्दाम अंगठी काढून उशाशी ठेवून झोपेल, सकाळी ती शोधायला थीफकडेच मदत मागेल. जे माहीत नाही त्यात तो भर घालू शकत नाही.

काही गेम्स गुपितांवर आणि दगाबाजीवरच उभे आहेत ते वेगळं. पॅरानोइया 1984 चा, तिथे प्रत्येक जण गुप्त संघटनेत असतो, प्रत्येकाकडे बेकायदा म्युटेशन असतं, एकमेकांची चुगली करणं हेच काम, आणि म्हणूनच प्रत्येकाला सहा क्लोन दिलेत, एक मेला की दुसरा हजर. मेल्याची किंमतच कमी ठेवलीये. 1991 च्या व्हॅम्पायरमध्ये राजकारण आणि कारस्थानं गृहीतच आहेत. 2009 च्या फियास्कोमध्ये जीएमच नसतो आणि एका बैठकीत सगळ्यांचं वाटोळं होणार हे ठरलेलंच असतं. हे गेम्स चालतात कारण बसणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं की हे असंच आहे. गंमत म्हणजे या छंदाच्या मुळाशीच ते आहे, साठच्या दशकाच्या शेवटी डेव्हिड वेसलीच्या ब्राउनस्टाइन खेळात प्रत्येक जण आपापली भूमिका आणि आपापला हेतू घेऊन एकमेकांविरुद्ध खेळायचा, तिथे खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये डी अँड डी आणला. तेव्हा पीव्हीपी वाईट असं कुणी म्हणू नये. न सांगता केलेलं वाईट.

"माझं कॅरॅक्टर असंच वागेल"

हे वाक्य ऐकलं नाही असा जीएम नसेल. पार्टीचे पैसे घेऊन पळाला, राजाच्या तोंडावर थुंकला, झोपलेल्या साथीदाराला विकलं, आणि विचारलं की उत्तर हेच. बऱ्याचदा जोडीला अलाइनमेंट (कॅरॅक्टरच्या नीतीचं लेबल) असते, "केऑटिक न्यूट्रल आहे ना तो". 1974 मध्ये तीन अलाइनमेंट्स होत्या, 1978 पर्यंत नऊ झाल्या, पण त्यातली एकही शेजारी बसलेल्या मित्राची संध्याकाळ घालवायची परवानगी देत नाही.

यावर वाद घालू नका, "नाही, तो असा वागणार नाही" म्हणालात की तुम्ही त्याचं कॅरॅक्टर चालवायला लागलात, आणि तो चिडणार, रास्तच. त्याऐवजी विचारा, "बरोबर, असंही वागेल. अजून कसं वागू शकेल?" कुठल्याही जिवंत कॅरॅक्टरकडे त्या क्षणी किमान तीन पटण्यासारखे पर्याय असतात. लोभी थीफ हिऱ्यांची पेटी घेऊन पळू शकतो, किंवा वाटणीत घासाघीस करू शकतो, किंवा पार्टीला पुढच्या मोठ्या घबाडाकडे ओढू शकतो. तिन्ही लोभीच. त्यातला एक निवडणारा माणूस टेबलवर बसलाय, आणि त्या निवडीची जबाबदारी त्याची, कॅरॅक्टरची नाही. हे शांतपणे, सगळ्यांसमोर न दुखावता एकदा बोललं की पुरतं, बहुतेक लोक मुद्दाम त्रास द्यायला असं करत नाहीत, त्यांना खरंच वाटत असतं की प्रामाणिक रोलप्ले म्हणजे हाच.

हे सगळं सेशन झिरोला (खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत) केलं तर

निम्मी डोकेदुखी वाचते. लांबलचक नियमावली लागत नाही. मी विचारते ते एवढंच: पार्टीत भांडण किती चालेल, नुसतं तोंडाने, की ढकलाढकलीपर्यंत, की जिवावर उठेपर्यंत? चोरी चालेल का? चार्म (वश करायचा मंत्र) करून दुसऱ्याचं कॅरॅक्टर ताब्यात घेतलेलं कुणाला नको आहे का? (यावर नक्की विचारा, स्वतःचं कॅरॅक्टर दुसऱ्या प्लेअरच्या हातात जाणं काहींना अजिबात सहन होत नाही आणि ते आपणहून बोलत नाहीत.) आणि कॅरॅक्टर बनवतानाच प्रत्येकाने बाकीच्यांपैकी दोघांशी काहीतरी नातं लावायचं, एकाचं काहीतरी देणं लागतं आणि एकाशिवाय करमत नाही, असं. "आपण एकत्र का आहोत" याचं उत्तर शीटवर असेल तर भांडण झाल्यावर परत यायला वाट राहते.

सेफ्टी टूल्स वापरत असाल तर ती पीव्हीपीलाही लागू आहेत हे सांगून टाका. लाइन्स अँड व्हेल्स म्हणजे काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल, आणि जॉन स्टॅव्रोपोलोसचं 2013 चं एक्स-कार्ड, म्हणजे कार्डाला हात लावला की तो भाग कारण न विचारता वगळायचा. पुष्कळ ग्रुप्सना वाटतं हे भयानक वर्णनांसाठीच आहे. साथीदाराने पाठीत सुरा खुपसणं हेही एखाद्याला त्या दिवशी नको असू शकतं.

भांडण झाल्यावर

मोठं काही झालं असेल तर सेशनच्या शेवटी दहा मिनिटं राखून ठेवा, शीट्स बाजूला, आणि दोघांनी एकमेकांना सांगायचं की काय आवडलं. नुसतं "भारी खेळलास" एवढंही खूप काम करतं. दोन्ही कॅरॅक्टर्सना परत एकत्र आणायची जबाबदारी दोन्ही प्लेअर्सची, जीएमने फक्त संधी द्यायची, रात्रीचा पहारा दोघांना एकत्र द्या, दोघांनीच करता येईल असं काम द्या. घाईने समेट करवू नका.

कधी कधी समेट शक्यच नसतो. पॅलडिनसमोर थीफने दरोडेखोर मारलाच आणि ती म्हणाली मी याच्याबरोबर एक पाऊल चालणार नाही, तर तेही खरं आहे, मग एका कॅरॅक्टरने जायचं. कुणाचं जाईल ते दोघांनी बोलून ठरवायचं आणि गेलेलं कॅरॅक्टर एनपीसी म्हणून कथेत ठेवायचं, पण त्याच्या मूळ प्लेअरला विचारल्याशिवाय त्याला व्हिलन करायचं नाही.

आणि माणसांचंच भांडण असेल तर खेळ थांबवा, चहापाण्याचा ब्रेक घ्या, दोघांशी वेगवेगळं बोला. सगळ्यांदेखत न्यायनिवाडा करू नका. आणि गेममधून शिक्षा तर मुळीच नाही: त्रास देणाऱ्याच्या कॅरॅक्टरवर वीज पाडली, त्याच्यामागे गार्ड्स लावले, लूटमध्ये त्याला काही दिलं नाही, हे सगळं करून त्याला फक्त एवढंच कळतं की जीएमही याच खेळात उतरलाय, आणि तो अजून जोरात खेळतो. माणसाशी माणूस म्हणून बोला, "तू तीन वेळा तिचं कॅरॅक्टर अडचणीत आणलंस, ती वैतागलीये, मला हे थांबायला हवंय." नाव घेऊन, नेमकं काय ते सांगून. त्यानंतरही थांबलं नाही तर त्याला टेबलवरून रजा द्यायची, आणि हा निर्णय लांबवू नका, कारण तुम्ही लांबवता तेवढ्यात चांगले प्लेअर्स गुपचूप निघून जातात.

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची राहिली. कॉलवर चेहरे नीट दिसत नाहीत, दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज कापला जातो, आणि कोण गप्प झालंय ते कळायला उशीर होतो. त्यामुळे वाद सुरू झाला की नाव घेऊन एकेकाला बोलायला द्या, आणि "चालेल ना?" याचं उत्तर प्रत्येकाने चॅटमध्ये टाइप करायचं. कुणाचं उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ "नाही" असा धरा आणि त्याच्यासाठी थांबा. जीएमला खासगी मेसेजमध्ये पाठवलेल्या गुप्त चाली पार्टीतल्या कुणाविरुद्ध असतील तर त्या तिथेच न करता "हे सगळ्यांसमोर विचार" एवढंच उत्तर द्यायचं.